पाचातली पाचवी वस्तू

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईत उतरला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. त्यात तो सांगतो की नेरूळला उत्तम अराक निघते, आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून ‘पंच’ नावाचे पेय करतात. पाच जिनसांचे म्हणून पंच. नेरूळ म्हटल्यावर आम्हा पनवेलकरांचे कान टवकारतात, पण हे नेरूळ गोव्यातले, बार्देशातले. तेव्हा हा मान आपल्याकडे ओढण्यात अर्थ नाही.

पाच जिनसा कोणत्या, तर दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही. १६३८ साली सुरतेला आलेल्या मांडेलस्लोने याच जातीच्या पेयात अराक, गुलाबपाणी, लिंबू आणि साखर अशा चारच वस्तू नोंदवल्या. शब्द त्याहून जुना. १६३२ च्या एका इंग्रजी पत्रात तो भेटतो. काही विद्वान तो पिंपाच्या इंग्रजी नावावरून आला असे मानतात. मला फ्रायर पटतो, पण त्यासाठी मी कुणाशी भांडणार नाही.

मला अधिक मोलाचा वाटतो तो फ्रान्स्वा बर्निये. औरंगजेबाच्या काळातला हा फ्रेंच वैद्य बंगालमधल्या पंचाची कृती देतो, तेव्हा त्यातली दारू काळ्या साखरेची असते. काळ्या साखरेची, म्हणजे गुळाच्या जातीची. तिच्यात लिंबाचा रस, पाणी, वर किसलेले जायफळ. उसाची दारू, लिंबू, गोडी: आज ज्याला रम सावर म्हणतात त्याचा सांगाडा इथे उभा आहे. जेरी थॉमस या अमेरिकन माणसाने ‘सावर’ जातीची पेये १८६२ साली आपल्या पुस्तकात छापली, त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी.

या पाचांतल्या चार वस्तू शिरढोणच्या कोणत्याही स्वयंपाकघरात आजही सापडतील. पाचवी घरातून कशी गेली, हा माझा विषय.

शिरढोण म्हटले की वासुदेव बळवंत फडके. १८४५ साली ते इथे जन्मले, १८७९ साली त्यांनी बंड केले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात दौलतराव नाईकांची टोळी इथून जवळच पळस्प्याला उतरली. त्या दोन-तीन वर्षांतले कागद लोक बंडासाठी वाचतात. मी वाचू लागलो तोही त्यासाठीच. पण त्याच काळात मुंबई सरकारने दुसरे एक काम शांतपणे उरकले, ते म्हणजे १८७८ चा आबकारी कायदा. बंडाचा आणि या कायद्याचा संबंध मी जोडत नाही.

दारूवर कर त्याआधीही होताच. मक्तेदार होते, त्यांचे जुलूमही होते. नवे काय झाले, तर भट्टी गावातून उठली. आबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांच्या पद्धतीत दारू गाळायची ती मोजक्या, देखरेखीखालच्या ठिकाणी, आणि गावाने ती दुकानातून विकत घ्यायची. आपल्या भागात ते ठिकाण म्हणजे उरण. तिथल्या भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या, आणि फुले येत ती गुजरातेकडून. म्हणजे शेजारच्या रानात मोह झडत असताना पनवेल तालुक्यातल्या कातकऱ्याने गुजरातच्या मोहाची, उरणला गाळलेली, कर भरलेली दारू प्यावी, अशी ही व्यवस्था.

लोक अर्थातच चोरून गाळत राहिले. मग १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला. पनवेल तोवर ठाण्यातून कुलाब्यात गेले होते, तरी कायद्याने त्याला गाठलेच. आता दारूच नव्हे, फुले साठवणेसुद्धा संशयाचे झाले. जे फूल गरीब माणूस उन्हाळ्यात वाळवून खातो, ते घरात किती आहे हे सरकारने विचारायचे! मिठाच्या करावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. मोहाच्या फुलावर त्या मानाने फार थोडे, कारण लिहिणाऱ्यांच्या घरी मीठ लागत होते, मोह लागत नव्हता.

स्वराज्यात हे चित्र उलटले नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही महाराष्ट्रात लागू आहे. दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचाही मिळतो, आजन्मही मिळतो. गंमत अशी की मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली ती १९५० साली, आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखानाही त्याच वर्षीचा. कारखाने वाढले तशी मळी वाढली, आणि मळीपासून मद्यार्क. आज दुकानातली रम मळीची, रीतसर, मोहर लावलेली. हातभट्टी मात्र गुन्हा. हातभट्टीचा गौरव करण्याचा माझा विचार नाही. २०१५ साली मालवणीत शंभरहून अधिक माणसे मेली. पण तिथे मारले ते मिथेनॉलने, आणि ते मोहाच्या फुलातून आले नव्हते.

आता कृती, कारण पुराव्याची चव घेतल्याशिवाय निबंध पुरा होत नाही. परवाना आणि पंचवीस वर्षे पूर्ण, या दोन अटी गृहीत धरतो. रम ६० मिलिलिटर. कागदी लिंबाचा ताजा रस ३० मिलिलिटर. बाटलीतला रस चालणार नाही. पाक २० मिलिलिटर: गूळ आणि पाणी सारखे घेऊन नुसते विरघळवायचे, तार येऊ द्यायची नाही, आणि गाळून गार करायचे. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हे सगळे भरपूर बर्फासह दहा-बारा सेकंद जोराने हलवायचे. डबा हाताला बोचेल इतका गार झाला की चहाच्या गाळणीतून पेल्यात. बर्फ थोडा वितळतो, तेच बर्निएचे पाणी. अंड्याचा पांढरा बलक घालून फेस आणणारेही आहेत; मला तो वास सोसत नाही. सावरच्या आजच्या पुस्तकी कृतीत जायफळ सहसा नसते. मी सहाणेवर नव्हे, बारीक किसणीवर दोनदा फिरवून ते वरून घालतो. गूळ असला की ते लागतेच.