पातळ पत्र्याचा स्वच्छ काप : प्लाझ्मा टॉर्चच्या सुट्या भागांची निवड

दुकानांच्या पाट्या, वातानुकूलन यंत्रणेचे डक्ट, विजेच्या पॅनेलच्या पेट्या, मोटारीच्या गंजलेल्या भागाच्या जागी बसवायचे तुकडे, हे सारे पातळ पत्र्यातून घडते. अशा कामासाठी अनेक लहान फॅब्रिकेशन कारखान्यांतही आता प्लाझ्मा कटर आढळतो. मात्र कडेला चिकटलेले धातूचे मणी, उष्णतेने वाकलेला पत्रा आणि एका बाजूने तिरपा झालेला काप, या तक्रारीही त्याच्याबरोबर येतात. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो किंवा विद्युतप्रवाह वाढवला जातो. वास्तविक दोष बहुधा टॉर्चच्या टोकाशी असलेल्या, मुठीत मावणाऱ्या भागांमध्ये असतो.

प्लाझ्मा कापणीचे तंत्र १९५० च्या दशकात अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागात विकसित झाले. त्याचे तत्त्व सोपे आहे. विद्युत आर्क आणि वायू यांना एका अरुंद छिद्रातून बाहेर पडण्यास भाग पाडले की सुमारे २० हजार अंश सेल्सिअस तापमानाचा झोत तयार होतो. तो धातू वितळवतो आणि वितळलेला धातू खाली उडवून देतो. झोत जितका बारीक आणि सरळ, तितका काप स्वच्छ. झोताचा बारीकपणा ठरतो तो नोझलच्या छिद्रावर.

झिजणारे पाच भाग

टॉर्चच्या टोकाशी सहसा पाच भाग असतात. इलेक्ट्रोडमधून आर्क निघतो. स्वर्ल रिंग हवेला भोवऱ्यासारखी गती देते. नोझल झोत आवळून धरते. रिटेनिंग कॅप हे सर्व भाग जागेवर ठेवते, तर सर्वांत बाहेरचे शील्ड उडणाऱ्या ठिणग्यांपासून नोझलचे रक्षण करते. इलेक्ट्रोड आणि नोझल सर्वांत लवकर झिजतात.

इलेक्ट्रोड तांब्याचा असला तरी त्याच्या टोकात हाफ्नियम या धातूचा लहानसा ठिपका बसवलेला असतो. १९२३ साली कोपनहेगन येथे शोध लागलेल्या या धातूला त्या शहराच्या लॅटिन नावावरून हे नाव मिळाले. हवेतील प्राणवायूत टंगस्टन झपाट्याने जळून जातो. हाफ्नियम मात्र टिकाव धरतो. म्हणूनच साध्या दाबलेल्या हवेवर प्लाझ्मा चालवणे शक्य झाले.

नोझलची निवड

प्रत्येक नोझल ठराविक अँपिअरसाठी बनवलेले असते. ६५ अँपिअरचे नोझल लावून प्रवाह ३० अँपिअरवर आणला, तर रुंद छिद्रातून जाणारा आर्क सैल पडतो. काप रुंद आणि तिरपा होतो, मणीही साचतात. उलट, लहान नोझलमधून अधिक प्रवाह नेल्यास आर्क छिद्राच्या भिंतीलाच लागतो आणि नोझल काही क्षणांत निकामी होते. म्हणून आधी पत्र्याची जाडी पाहावी, तिला साजेसा प्रवाह ठरवावा आणि मग त्या प्रवाहाचे नोझल घ्यावे.

आपल्या बाजारात पत्रा गेजमध्ये मोजला जातो. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेज १.२ मिलिमीटर आणि २० गेज ०.९ मिलिमीटर. साधारण ३ मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्यासाठी काही उत्पादक बारीक छिद्राचा खास संच देतात. हायपरथर्म कंपनीचा पॉवरमॅक्स मालिकेसाठीचा ‘फाइनकट’ हे त्याचे उदाहरण. अशा संचाने कापाची रुंदी कमी राहते, पत्र्यात कमी उष्णता उतरते आणि तो वाकत नाही. संच निवडताना आपल्या टॉर्चचा नेमका प्रकार पाहणे अत्यावश्यक आहे. दिसायला सारखा असलेला भाग बसेलच असे नाही आणि बसला तरी हवेचा मार्ग बिघडू शकतो. स्वस्त नकली इलेक्ट्रोडमध्ये हाफ्नियमचा ठिपका उथळ असेल, तर तो लवकर संपतो.

केव्हा बदलावे?

इलेक्ट्रोडच्या टोकाला पडलेला खड्डा मोजावा. हातात धरून चालवण्याच्या अनेक टॉर्चसाठी तो सुमारे १.६ मिलिमीटर खोल झाला की इलेक्ट्रोड बदलण्याची शिफारस असते. नेमकी मर्यादा यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असते. आर्कला हिरवट छटा आली, तर हाफ्नियम संपून तांबे जळू लागले असे समजावे. नोझलचे छिद्र गोल न राहता लांबट किंवा कातरलेले दिसले, तर ते टाकून द्यावे. शक्यतो ही जोडी एकत्रच बदलावी.

किती तास कापले यापेक्षा आर्क किती वेळा सुरू केला, याची नोंद अधिक उपयोगी ठरते. हाफ्नियमची झीज प्रामुख्याने आर्क सुरू होताना आणि बंद होताना होते. शंभर छिद्रांची जाळी कापणे म्हणजे शंभर वेळा आर्क सुरू करणे; तेवढ्याच लांबीचा एक सरळ काप इलेक्ट्रोड फारसा झिजवत नाही.

भाग नवे, तरी काप खराब

अशा वेळी आधी हवा तपासावी. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत भरपूर पाणी साचते. ते टॉर्चपर्यंत पोहोचले की नवे नोझलही लवकर खराब होते. टाकीतील पाणी रोज काढावे, पाणी व तेल अडवणारा फिल्टर बसवावा आणि हवेचा दाब हवा वाहत असतानाच मोजावा. यंत्रात केवळ हवा सोडण्याची सोय असेल, तर टॉर्चखाली पांढरे कापड धरून ओल किंवा तेलाचा डाग पडतो का, ते पाहावे.

त्यानंतर वेग. जाड, फुगीर आणि सहज निघणारे मणी म्हणजे हात सावकाश चालला. बारीक, कठीण आणि घट्ट चिकटलेली रेघ म्हणजे हात फार जलद चालला. काप एकाच बाजूने तिरपा येत असेल, तर दिशा तपासावी. बहुतेक टॉर्चमध्ये पुढे सरकताना उजव्या हाताची कड अधिक सरळ येते. त्यामुळे चकती कापताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि पत्र्यात छिद्र करताना उलट दिशेने जावे.

कोणताही भाग बदलण्यापूर्वी यंत्राचा वीजपुरवठा बंद करणे अनिवार्य आहे. टॉर्चमध्ये दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब असतो. जस्ताचा मुलामा असलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा पत्रा कापताना निघणारा धूर घातक असल्याने हवा खेळती ठेवावी आणि डोळ्यांवर योग्य गडद काच असावी.

झिजलेले नोझल आणखी दोन दिवस चालवले, तर बचत झाल्यासारखी वाटते. मात्र त्या दोन दिवसांत ग्राइंडरवर गेलेली मजुरी, वाया गेलेला पत्रा आणि परत आलेले काम यांचा हिशेब मांडला, तर सर्वांत महाग भाग तोच झिजलेला नोझल ठरतो.