दावणीचा वाटा

आमच्या पूर्णेच्या काळ्या रानात ज्वारी एकट्या माणसासाठी कधीच पेरली जात नसे. कणीस घरच्यांचे, कडबा दावणीचा, अशी ती जुनी वाटणी. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा उदंड; पण ताट ठेंगणे! माणसाचे पोते फुगले, तशी गुरांची गंजी खचली, असे आजोबा सांगत.

वैरणीला पर्याय शोधणे मग ओघानेच आले. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला. तिचा पाला प्रथिनांनी भरलेला खरा. पण नुसत्या त्यावरच जनावर पोसले, तर अंगचे केस झडू शकतात. म्हणून जोडीला कडबा हवाच. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुढे ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी दिली. दाणा आणि कडबा, दोहोंची सोय तिच्यात आहे.

आज मात्र शिवारात सोयाबीन पसरले आहे. त्याची पेंड पौष्टिक. परंतु पेंडीने पोट भरत नाही, पोटाला वैरणच लागते. वसुबारसेला गाईला ओवाळताना मला वाटते, तिचा वाटा आपण यंदा कोठे पेरला, हेही घरोघर विचारले जावे.