दोन बोटे आणि एक नाद

‘हार्ड रॉक’ म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. त्या गोंगाटाची वकिली मी करीत नाही. पण त्यातल्या एका नादाचा इतिहास मला फराळाच्या ताटाशी सांगावासा वाटतो.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहर, साल १९६५. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. पुढे गिटार घेऊन परदेशी जायचे ठरलेले. त्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारी बोटेच गेली! डॉक्टरांनी वादन विसरायला सांगितले. कारखान्यातल्या वरिष्ठाने मात्र त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. १९२८ च्या आगीत दोन बोटे जायबंदी होऊनही जँगोने गिटार गाजवली होती.

टोनीने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटवले. जाड तारा सोसेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढे ‘ब्लॅक सॅबथ’च्या १९७१ मधील ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या तबकडीत त्याने कित्येक गाण्यांची पट्टी तीन अर्धस्वरांनी उतरवली. तारा सैल पडल्या, बोटांना विसावा मिळाला आणि नाद विहिरीसारखा खोल झाला.

यंत्रांचा वाटाही होताच. गिब्सन एसजी गिटार, लेनी अ‍ॅम्प्लिफायर आणि मध्ये ‘रेंजमास्टर’ नावाची डबी. ही डबी वरचे सूर बळकट करून अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हना पेलणार नाही एवढा जोर देई. स्वर फाटे, पण त्या फाटण्यालाच भारदस्तपणा येई.

आज हौशी वादक तोच नाद पुन्हा जमवू पाहतात. डबीतला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर शोधतात. पण असे दोन ट्रान्झिस्टर सहसा एकसारखे वागत नाहीत, उन्हाळ्याहिवाळ्यातही त्यांचा स्वभाव पालटतो. टोनीच्या डबीत तर कुणीतरी फेरफार केले होते, आणि ती पुढे हरवली. मला वाटते, शोध डबीपासून नव्हे, तारांपासून सुरू करावा. बारीक तारा, उतरलेली पट्टी आणि बेताचा दाब; दुखऱ्या बोटांनी घालून दिलेली ही शिस्त आधी अंगी बाणवावी, मग यंत्राकडे वळावे.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर टोनी जुन्या सोबत्यांसह अखेरचा वाजवायला उभा राहिला, तेव्हा तो ७७ वर्षांचा होता. बोटांवर टोपणे होतीच.