साऊंड सिस्टिमच्या एकाच बाजूचा आवाज कमी येतोय? मशीन दुरुस्तीला नेण्याआधी घरीच करा ही तपासणी

हिंगोली : घरच्या साऊंड सिस्टिमचा डावा बॉक्स जोरात वाजतो आणि उजवा दबका, ही तक्रार नेहमीची आहे. मशीन बिघडलं असं समजून अनेक जण ते उचलून थेट तालुक्याच्या दुकानात नेतात. पण दोष बऱ्याचदा अर्धवट बसलेल्या पिनचा, सैल वायरचा किंवा मोबाईलमधल्या एका सेटिंगचा असतो. तो घरच्या घरी, एक पैसा न लावता शोधता येतो.

आधी दोष कुठे आहे ते बघा

मशीनचा बटन बंद करून प्लग काढा. समजा उजवा बॉक्स हळू वाजतोय. मशीनच्या मागे लावलेल्या दोन्ही बॉक्सच्या वायरी एकमेकांच्या जागी लावा आणि पुन्हा चालू करा.

- आताही उजवाच बॉक्स हळू असेल, तर दोष त्या बॉक्समध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे.
- आता डावा बॉक्स हळू झाला, तर बॉक्स चांगले आहेत. दोष मशीनमध्ये किंवा त्याच्या अलीकडे आहे.

दुसरा निकाल आला, तर बॉक्सच्या वायरी पहिल्यासारख्या लावा. आता मोबाईल किंवा टीव्हीकडून मशीनमध्ये येणाऱ्या लाल आणि पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. हळू आवाज दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष पिनचा, वायरचा किंवा मोबाईल-टीव्हीचा. जागेवरच राहिला, तर मशीनचा. तेव्हाच दुकान गाठा, आणि कारागिराला ही तपासणी सांगा. त्याचा शोधायचा वेळ वाचेल.

बॅलन्सचा नॉब

मशीनवर ‘बॅलन्स’ नावाचा नॉब असेल, तर तो मधोमध आहे का ते पाहा. लहान मुलांच्या हातून किंवा पुसताना तो सरकतो. नॉब फिरवताना खरखर येत असेल, तर आत धूळ बसली आहे. प्लग काढून नॉब दहा-पंधरा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. फरक पडला नाही, तर कारागिराकडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या. गोडेतेल किंवा रॉकेल टाकू नका.

मशीनला असा नॉब नसेल, तरी टीव्हीच्या साऊंड मेनूत बऱ्याचदा ‘बॅलन्स’ मिळतो.

मोबाईलमधलं सेटिंग

अँड्रॉइड मोबाईलमध्ये सेटिंग्ज उघडून ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये जा. तिथे ऑडिओ किंवा ऐकण्याशी संबंधित भागात डावं-उजवं सरकवायची पट्टी असते. कंपनीप्रमाणे नाव थोडं बदलतं. आयफोनमध्ये ती ‘ॲक्सेसिबिलिटी’मधल्या ‘ऑडिओ अँड व्हिज्युअल’मध्ये आहे. पट्टी मधोमध ठेवा.

तिथेच ‘मोनो ऑडिओ’ असतं. ते चालू केलं की दोन्ही बाजूंना एकसारखाच आवाज जातो. काही कीर्तनाच्या व्हिडिओत आवाज एकाच बाजूला रेकॉर्ड झालेला असतो. तिथे तुमच्या सिस्टिमचा काही दोष नसतो, मोनो केलं की काम भागतं.

बॅलन्स नीट लागला का, हे तपासायलाही मोनो उपयोगी आहे. मोनो चालू करून एखादा अभंग लावा आणि दोन्ही बॉक्सच्या बरोबर मधोमध बसा. गायकाचा आवाज दोन बॉक्सच्या मधून आल्यासारखा वाटला पाहिजे. एका बाजूला ओढला जात असेल, तर नॉब किंवा पट्टी दुसऱ्या बाजूला थोडी सरकवा. तपासणी झाली की मोनो बंद करा.

बॉक्सची जागा आणि वायर

जवळचा बॉक्स नेहमी मोठा वाटतो. त्यामुळे दोन्ही बॉक्स बसायच्या जागेपासून सारख्या अंतरावर आणि कानाच्या उंचीला ठेवा. एक बॉक्स कोपऱ्यात आणि दुसरा उघड्या दाराजवळ असेल, तर कोपऱ्यातला जास्त घुमतो. एक बॉक्स ४ ओहमचा आणि दुसरा ८ ओहमचा असेल, तरी आवाज सारखा येत नाही. जोडी एकाच मापाची घ्या.

दोन्हीकडे लाल वायर लालमध्ये, काळी काळ्यामध्येच लावा. एकाच बॉक्सची जोडणी उलटी झाली, तर पखवाजाचा ठेका पोकळ वाटतो आणि गायकाचा आवाज कुठून येतो तेच कळत नाही.

दोष कानात तर नाही?

हेडफोनची अदलाबदल करून बघा. डाव्या कानाचा उजव्या कानाला लावा. तरीही त्याच कानाला कमी ऐकू येत असेल, तर दोष यंत्रात नाही, कानात आहे. कधी फक्त मळ साचलेला असतो. काडी घालू नका, तेल ओतू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या.

पण एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत कमी झालं असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी, जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. यावरचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते. ‘सर्दीनं कान बसला असंल’ म्हणून महिना घालवला, तर ती संधी हातची जाते.

ज्यांना एका कानाने कायमचंच कमी ऐकू येतं, त्यांनी मोबाईलमध्ये मोनो ऑडिओ चालूच ठेवावं. एका बाजूचे बोल मग सुटत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाईलमध्ये हे सेटिंग करून द्यायला दोन मिनिटं पुरतात.