नाव काय ठेवावे?

ज्या चिरंजीवांचे बारसे बाराव्या दिवशी उरकले, त्यांनी विसाव्या वर्षी बासरीवर एक धून बसवली; आणि तिच्या बारशाला आमच्या बोईसरच्या घरात महिना गेला. मी 'क्षितिजापार' सुचवले. "बाबा, अगरबत्ती वाटते!"

मग मी इतिहास काढला. बेथोव्हेनने १८०१ साली ती प्रसिद्ध सोनाटा रचली, तेव्हा तिच्यात चांदणे नव्हते. पुढे रेलश्टाब नावाच्या समीक्षकाला तीत सरोवरावरचे चांदणे दिसले, आणि नाव चिकटले ते चिकटलेच! आपल्याकडे रागाचे नाव सांगितले की वादक मोकळा. तरी १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांच्या तबकडीला 'कॉल ऑफ द व्हॅली' म्हटले गेलेच. तीत काश्मिरी मेंढपाळाचा अख्खा दिवस होता ना!

शेवटी पालघरला भेटलेल्या एका तारपावाल्या बाबांना विचारले. दुधी भोपळ्याचा तो तारपा मांडीवर ठेवत ते म्हणाले, "मोरासारखी नाचतात, म्हणून मोराचा चाळा. तुमच्यावर कोण नाचतं?"

आम्ही गप्प.

पुढे चिरंजीव नोकरीला पुण्याला गेले. परवा खालच्या मजल्यावरची सूनबाई म्हणाली, "काका, संध्याकाळी सात वाजले की बाळ अजून वर बघतं. दादाची बासरी ऐकूनच झोपायचं ना!"

नाव ठरले: 'सातची'.

"अहो, लोकल वाटते," सौ. म्हणाली खरी, पण पदर डोळ्यांना होता.