लिंबाच्या केकची वंशावळ

केक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाढदिवस येतो, मेणबत्त्या येतात आणि मागोमाग ‘हे साहेबाचं खाणं’ असा शेराही येतो. आज मी तुम्हाला एका केकची वंशावळ सांगणार आहे. हा दुकानातला केक नव्हे. घरी लांबट डब्यात भाजलेला, लिंबाची साल किसून घातलेला आणि वरून साखर-लिंबाचा लेप दिलेला असा हा साधा केक. त्याची वंशावळ सांगण्याची वेळ का आली, ते आधी ऐका.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी हा केक झाला. करणारी माझी मुलगी, देखरेख तिच्या आजीची आणि लोणी फेटायला मी, इतिहासाचा मास्तर. दोनशे ग्रॅम लोणी, तेवढीच पिठीसाखर, तेवढाच मैदा आणि चार अंडी. लोणी आणि साखर पांढरीशुभ्र, हलकी होईपर्यंत फेटली. मग एकेक अंडे घातले, दोन-तीन लिंबांची साल किसून घातली आणि एक चमचा बेकिंग पावडर मिसळून चाळलेला मैदा हलक्या हाताने कालवला. साल किसताना मात्र फक्त वरचा रंगीत पापुद्रा घ्यायचा, बरं का! लिंबाचे सुवासिक तेल तिथेच असते. खालचा पांढरा भाग आला की केक कडू झालाच म्हणून समजा.

ओव्हन नव्हता. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे वाळू पसरली, ती तापवली, वर तिवई ठेवून डबा आत सोडला आणि घट्ट झाकण लावले. मंद आचेवर तासाभराने विणायची सुई मध्यभागी खुपसून पाहिली, ती कोरडी निघाली. केक कोमट असतानाच शंभर ग्रॅम पिठीसाखरेत दोन-तीन चमचे लिंबाचा रस कालवून तो लेप वरून ओतला. थोडा आत मुरला, थोडा वर काचेसारखा वाळला.

ते पाहून आई म्हणाली, “अरे, ह्या तर आपल्या पाकातल्या पुऱ्याच झाल्या! आम्हीही पाकात लिंबू पिळतोच की.”

लगेच मुलीने विचारले, “बाबा, मग हा केक आपला का त्यांचा?”

प्रश्न लहान होता, पण मला त्याचे उत्तर चटकन देता येईना. म्हणून एकेक जिन्नस घेऊन मी त्याचा माग काढू लागलो.

पहिले लिंबू. लिंबू-संत्र्याच्या साऱ्या कुळाचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनचा युनान या टापूत असावे, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २०१८ साली फळांच्या जनुकांवरून काढला. युरोपात केकला वापरतात ते जाड सालीचे पिवळे लिंबू हा तर संकर आहे. आंबट नारिंग ही त्याची आई आणि महाळुंग हा बाप. महाळुंग तुम्ही पाहिले नसेल, पण कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते तेच. हे लिंबू इराण-अरबस्तानमार्गे भूमध्य समुद्राकडे गेले. इंग्रजीतला ‘लेमन’ हा शब्दही फारसी-अरबी ‘लीमून’वरूनच आलेला आहे.

दुसरी साखर. इथे आपण फुशारकी मारायला जातो, पण जरा बेताने. ऊस मूळचा न्यू गिनी बेटाचा. मात्र रस आटवून त्याची दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात वाढली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा असे प्रकार ओळीने दिले आहेत. चीनच्या तांग सम्राटाने इ. स. ६४७ च्या सुमारास ही विद्या शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली होती. आपली ‘शर्करा’ अरबांकडे ‘सुक्कर’ झाली, इंग्रजांकडे ‘शुगर’ झाली. ‘खंड’चे पुढे ‘कँडी’ झाले.

आता मौज पाहा. १४९३ साली कोलंबस अमेरिकेच्या दुसऱ्या सफरीवर निघाला. वाटेत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळची कॅनरी बेटे लागली. त्या सफरीत उसाची बेणी आणि लिंबू-नारिंगाच्या बिया जहाजांवर चढल्या. आमच्या केकमधले आंबट आणि गोड अशी दोघे एकाच ताफ्यातून पलीकडच्या किनाऱ्याला लागली. पुढची अडीचशे वर्षे सोडून देऊ आणि थेट १७४७ सालाशी येऊ.

गुरुजींनो, हे एक वर्ष फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी लंडनमध्ये हॅना ग्लास या बाईंचे पाकशास्त्राचे पुस्तक निघाले. त्यात ‘पाउंड केक’ आहे. एक पौंड लोणी, एक पौंड साखर, एक पौंड मैदा आणि डझनभर अंडी, त्यांतला निम्मा पांढरा बलक वगळून. हे सारे हाताने नाहीतर मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटायचे. बाईंनी त्यात लिंबू नव्हे, शहाजिरे घातले आहे. पण समप्रमाणाचा हिशेब पाहा, आमच्या दोनशे-दोनशे ग्रॅमचा मूळपुरुष हाच.

त्याच वर्षी ‘सॅलिसबरी’ या जहाजावर जेम्स लिंड नावाच्या वैद्याने स्कर्व्हीने आजारी बारा खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले, ते सहा दिवसांतच सुधारले. तरीही आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली ती १७९५ साली. आणि त्याच १७४७ साली बर्लिनमध्ये मार्ग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बीटच्या कंदात उसासारखीच साखर असते हे दाखवून दिले.

लंडनच्या बाईंना एका केकला एक पौंड साखर लागत होती. ती यायची कुठून? बार्बाडोस, जमैका अशा बेटांवरून. आणि तिथे ऊस कोण तोडत होते? आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे. अटलांटिकच्या या व्यापारात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतली वीस लाखांच्या आसपास माणसे वाटेतच मेली. सगळीच उसाच्या मळ्यांवर गेली असे नाही, पण फार मोठा वाटा साखरेचाच. तुमच्यापैकी ज्यांनी गुऱ्हाळ चालवले आहे त्यांना ठाऊक आहे की तोडलेला ऊस थांबत नाही, तो ताबडतोब गाळावा लागतो. म्हणून त्या बेटांवर हंगामात रात्रंदिवस चरक चाले. झोपेने पेंगलेल्या मजुराचा हात चरकात सापडला तर तो तोडण्यासाठी कुऱ्हाड जवळच ठेवलेली असे. ही कल्पना नव्हे, त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलेली हकीकत आहे.

पण जिथे केक भाजले जात होते, त्याच स्वयंपाकघरांतून याला विरोधही सुरू झाला. १७९१ पासून इंग्लंडमधल्या हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर टाकली. १८२४ साली एलिझाबेथ हेरिक या बाईंनी गुलामी हळूहळू नको, ताबडतोब बंद करा, असे पत्रक काढले. लेस्टर गावात त्या आणि त्यांच्या सोबतिणी घरोघर जाऊन साखर सोडण्याचा आग्रह करीत. या बायकांना मताचा अधिकार नव्हता. पण घरात कोणती साखर यायची, हे त्यांच्या हातात होते. १८३३ साली गुलामी बंद करण्याचा कायदा झाला. मळेवाल्यांना दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मिळाली. गुलामांना छदामही मिळाला नाही.

गुलाम गेले, मग ऊस कोण तोडणार? इथे ही कथा आपल्या अंगणात येते. १८३४ साली कलकत्त्याहून ‘ॲटलस’ जहाजाने छत्तीस मजूर करारावर मॉरिशसला गेले. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली, रत्नागिरीकडची मराठी कुटुंबेही होती. त्यांची पणतवंडे आज तिथे गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. ज्या देशातून साखरेची विद्या बाहेर गेली, त्याच देशाची माणसे साखरेपायी समुद्रापार गेली, असा हा फेरा.

राहिली बेकिंग पावडर. १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्याने ती तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्ट आणि अंडी सोसत नसत, म्हणून ही खटपट. त्यातले मर्म तुम्ही वर्गात दाखवू शकाल. खायच्या सोड्यावर लिंबाचे चार थेंब टाका, फसफसून वायू निघेल. पावडरीत सोडा आणि आम्ल दोन्ही कोरडे असतात, ओल लागताच ते एकमेकांना भिडतात. बाईंच्या काळी जे काम तासभर दुखणाऱ्या हाताचे होते, ते पुष्कळसे या चमचाभर पावडरीने केले.

तेव्हा केक कोणाचा? मी मुलीला म्हणालो, “लिंबू हिमालयाच्या पायथ्याचं, ऊस न्यू गिनीचा, साखरेची विद्या आपली, फेटण्याची रीत त्यांची. पण सगळ्यात जास्त किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या ताटात हा केक कधी आलाच नाही.”

ती म्हणाली, “आता तर तसं नाही ना?”

मी जरा थांबलो. आपल्याकडे १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक होऊ शकतो हे महाराष्ट्राने दाखवले. ही गोष्ट लहान नव्हे. गुलामीचे ते दिवस आणि आजचे दिवस एका मापाने मोजणेही बरोबर नाही. पण ऊस तोडणारा अजून वेगळाच आहे. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून आणि दुष्काळी भागांतून बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे निघतात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ असा त्यांचा हिशेब होतो. पोरे बरोबरच जातात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, काही गावांत हंगामी वसतिगृहे झाली, तरी पुष्कळ पोरे सुटतातच.

हे मी तुम्हाला काय सांगावे? त्या भागातल्या गुरुजींच्या हजेरीपटावर ते दरसाल उमटते. नोव्हेंबर लागला की काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात, त्या उन्हाळ्यापर्यंत चालतात.

केक जरूर करा. लिंबाची साल नीट किसा, लेप कोमट असतानाच द्या. आणि मुलांनी चव घेतली की साखर कुठून आली हे त्यांना विचारा. ‘दुकानातून’ हे उत्तर आले, तर तिथून पुढचा धडा तुम्ही घ्यायचा आहे.