नंबर माणसाचा की गाडीचा?

मोटारगाडीच्या पाटीवरचा नंबर नेमका कोणाचा असतो, गाडीचा की गाडीच्या मालकाचा? प्रश्न किरकोळ वाटेल. पण ब्रिटनमध्ये या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले. दर बदलाबरोबर कोणाच्या तरी खिशात पैसे पडले आणि कोणता तरी इतिहास पुसला गेला. जुन्या मोटारींची छायाचित्रे पाहून त्यांचा माग काढण्याची मला आवड आहे. छायाचित्रात गाडीचा रंग दिसत नाही, मालकाचे नाव दिसत नाही, बहुधा तारीखही नसते. हाती असते ती फक्त पाटी. ती पाटी एका गाडीवरून काढून दुसऱ्या गाडीवर लावण्याची कायदेशीर सोय असेल, तर अभ्यासकाच्या हातातला तो एकमेव धागाही तुटतो. ही सोय कशी निर्माण झाली, कोणी वापरली आणि तिने काय नेले, याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

गुन्हेगार ओळखण्यासाठी

ब्रिटिश संसदेने १९०३ साली ‘मोटार कार ॲक्ट’ मंजूर केला आणि १ जानेवारी १९०४ पासून तो अमलात आला. वेगमर्यादा ताशी वीस मैल ठरली आणि प्रत्येक गाडीला नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीचे शुल्क मोटारीला एक पौंड आणि मोटारसायकलीला पाच शिलिंग होते. हेतू सरळ होता. धूळ उडवत, घोडे बुजवत पसार होणारा मोटारवाला पोलिसाला ओळखता यावा. मोटार बाळगणारे बहुतेक जण सरदार, जमीनदार किंवा गिरणीमालक होते. भाड्याच्या घोडागाडीसारखा किंवा कैद्यासारखा आपल्याला नंबर मिळणार, याचा त्यांना राग आला होता.

नोंदणीचे काम काउंटी आणि शहरांच्या कौन्सिलांकडे दिले गेले. अक्षरे वाटली गेली ती लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने. लंडनला ए, लँकेशायरला बी, यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगला सी, केंटला डी असे करत एकेरी अक्षरे संपली आणि मग दुहेरी सुरू झाली. डॉर्सेट काउंटीच्या वाट्याला बीएफ आले. ही दोन अक्षरे इंग्रजीत ‘महामूर्ख’ या अर्थाच्या एका शिवीची आद्याक्षरे आहेत. तक्रारी झाल्या आणि १९०४ साल संपायच्या आत डॉर्सेटला एफएक्स ही नवी जोडी मिळाली. पाटी ही नुसती सरकारी खूण नसते, तिच्यात माणसाची अब्रूही गुंतते, हे पहिल्याच वर्षी दिसून आले.

अब्रूची दुसरी बाजू म्हणजे प्रतिष्ठा. लंडनचा ए १ हा नंबर अर्ल रसेल यांनी मिळवला. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे हे थोरले बंधू. त्यांनी रात्रभर रांगेत उभे राहून तो मिळवला, अशी आख्यायिका आहे. ए १ हा देशातला पहिला नंबर, असेही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. हेस्टिंग्ज शहराचा डीवाय १ त्याआधीच, नोव्हेंबर १९०३ मध्ये, दिला गेला होता. पण आख्यायिका टिकली, कारण त्या नंबराला लोकांनी पुढे दिलेली किंमत तिच्यात बोलते. रसेल यांच्या नेपियर मोटारीवरचा ए १ पुढे त्या गाडीपाशी थांबला नाही. गाड्या मोडीत निघाल्या, मालक वारले आणि नंबर नव्या गाडीवर चढत राहिला.

नंबर गाडीला बांधला जातो

सुरुवातीच्या व्यवस्थेत हे शक्य होते, कारण नोंदणीच्या मध्यभागी गाडीइतकाच मालकही होता. गाडी विकताना नंबर तिच्याबरोबर द्यायचा की स्वतःकडे ठेवून पुढच्या गाडीला लावायचा, यात मालकाला मोकळीक होती. १९२० च्या ‘रोड्स ॲक्ट’ने हे चित्र बदलले. १९२१ पासून प्रत्येक गाडीला लॉगबुक मिळाले. त्यात गाडीचे वर्णन, तिचा नंबर आणि एकामागून एक आलेल्या मालकांची नावे असत. आता तत्त्व असे ठरले की, नंबर गाडीच्या जन्मापासून मरणापर्यंत तिचाच राहील. मालक येतील आणि जातील.

इतिहासाच्या दृष्टीने हा सुवर्णकाळ. कौन्सिलच्या जाड खतावण्यांत एका ओळीत एक गाडी असे आणि तो नंबर दिसला की गाडी सापडे. पण नियमाला पहिल्यापासून एक फट होती. कौन्सिलच्या परवानगीने, थोडे शुल्क भरून, आवडीचा नंबर एका गाडीवरून दुसरीवर नेता येई. त्याला नाव पडले ‘चेरिश्ड ट्रान्सफर’, म्हणजे जिवापाड जपलेल्या नंबराचे स्थलांतर. गावच्या डॉक्टरची गाडी सर्वांना नंबरावरून ओळखू येते, वडिलांचा नंबर मुलाला हवा असतो, अशी साधी कारणे त्यामागे असत. व्यवहार थोडे होते आणि त्यांत बाजार फारसा नव्हता.

एका अक्षराने बाजार उघडला

बाजार उघडला तो सरकारने केलेल्या एका तांत्रिक सुधारणेमुळे. नंबर संपत आले म्हणून १९६३ साली पाटीच्या शेवटी वर्ष दाखवणारे अक्षर जोडायला सुरुवात झाली. १९६३ साठी ए, १९६४ साठी बी, आणि १९६५ पासून सगळीकडे सक्तीचे सी. आता शेजाऱ्याची गाडी किती जुनी, हे फाटकातून दिसू लागले. नवे अक्षर आले की विक्रेत्यांकडे झुंबड उडे. आणि नेमक्या याच कारणाने ज्या जुन्या नंबरांत वर्षाचे अक्षर नव्हते, त्यांना एक नवा गुण चिकटला. ते गाडीचे वय सांगत नव्हते.

वय झाकणारा नंबर, त्यातून आकडा लहान आणि अक्षरे आपल्या नावाची, यासाठी लोक पैसे मोजू लागले. करमणुकीच्या धंद्यातल्या मंडळींनी तर हौस मिरवली. विनोदी कलाकार जिमी टारबक यांच्या गाडीवर कॉम १सी होते, जादूगार पॉल डॅनियल्स यांच्या गाडीवर मॅग १सी. पाटी वाचली की धंदा कळावा.

एक नियम मात्र सरकारने कायम पाळला आणि आजही पाळते. गाडी आहे त्याहून नवी भासवणारा नंबर लावता येत नाही. जुनी भासवणारा किंवा वय अजिबात न सांगणारा चालतो. वय लपवणे कायदेशीर, तरुण असल्याचे सोंग आणणे बेकायदेशीर! या नियमाचा सर्वांत मोठा लाभ उत्तर आयर्लंडच्या नंबरांना झाला. तिथे वर्षाचे अक्षर कधी आलेच नाही. त्यामुळे आय किंवा झेड अक्षर असलेले तिकडचे स्वस्त नंबर इंग्लंडमधल्या कितीतरी मध्यमवयीन गाड्यांवर येऊन बसले. त्या गाड्यांनी आयर्लंडचा समुद्रही पाहिलेला नसतो.

नंबरासाठी गाडीचा बळी

इथपर्यंतची गोष्ट गमतीची आहे. पुढची तितकीशी नाही. स्थलांतरासाठी ज्या गाडीवरून नंबर काढायचा, ती गाडी प्रत्यक्ष अस्तित्वात असावी लागते. नुसते जुने लॉगबुक दाखवून भागत नाही आणि तपासणीसाठी गाडी पुढे आणावी लागू शकते. शिवाय ती वार्षिक यांत्रिक चाचणीच्या कक्षेतली असावी लागते. ट्रॅक्टर या कक्षेबाहेर, म्हणून त्यावरचा नंबर हलवता येत नाही. मोटारसायकल कक्षेत येते. तेव्हा दलालांचा डोळा पडला तो लहान नंबर असलेल्या जुन्या मोटारसायकलींवर आणि कोठारात पडलेल्या मोटारींवर. त्या विकत घ्यायच्या, चाचणीपुरत्या चालत्या करायच्या, नंबर काढायचा आणि उरलेले धूड विकून टाकायचे. गाडीची किंमत तिच्या पाटीहून कमी झाली होती.

नंबर गेलेल्या गाडीला सरकार वयाला शोभेलसा बदली नंबर देते. त्यासाठी पूर्वी न वापरलेल्या मालिका उपयोगात आल्या. स्कॉटलंडमधल्या किनरॉस या चिमुकल्या काउंटीच्या एसव्ही मालिकेत गाड्या थोड्या होत्या आणि नंबर भरपूर शिल्लक होते. त्यामुळे आज इंग्लंडच्या दक्षिण टोकाला एसव्ही पाटीची १९२० च्या दशकातली मोटार दिसते आणि अनभिज्ञ पाहणारा समजतो की, ही किनरॉसहून आली. डॉर्सेटने शिवी म्हणून परत केलेल्या बीएफचाही असाच उपयोग झाला. ज्या अक्षरांना १९०४ साली कोणी हात लावेना, ती आता नंबर हरवलेल्या गाड्यांच्या कपाळी आली.

याच काळात दस्तऐवजांवरही संकट आले. १९७४ साली नोंदणी कौन्सिलांकडून काढून वेल्समधल्या स्वान्सी इथल्या केंद्रीय कार्यालयाकडे गेली. संगणक आला तसे खतावण्यांचे काम संपले आणि त्यांतल्या कितीतरी रद्दीत गेल्या. ज्या वाचल्या त्यांपैकी पुष्कळ ‘किटहेड ट्रस्ट’ या संस्थेने गोळा करून सांभाळल्या. मालकांना जुनी लॉगबुके संगणकावर नोंदवून घेण्यासाठी मुदत होती, ती नोव्हेंबर १९८३ मध्ये संपली. कोठारात झाकून ठेवलेल्या ज्या गाड्यांची नोंद तोवर झाली नाही, त्यांचे मूळ नंबर अधिकृत दप्तरातून नाहीसे झाले.

जुन्या गाड्यांच्या क्लबांनी आवाज उठवल्यावर १९९० मध्ये एक योजना सुरू झाली. जुने लॉगबुक, करभरणीचा बिल्ला, खतावणीतली नोंद असा पुरावा मान्यताप्राप्त क्लबमार्फत दाखवला, तर गाडीला तिचा मूळ नंबर परत मिळतो. पण एका अटीवर: तो नंबर यापुढे कधीही दुसऱ्या गाडीवर नेता येणार नाही. मला ही अट या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. जो नंबर पुराव्याने गाडीचा ठरला, तो विकाऊ राहिला नाही.

सरकारच दुकान मांडते

बाकीचे सारे मात्र विकाऊ झाले. दलाल कमावतात तर आपण का नाही, असा विचार करून सरकारने डिसेंबर १९८९ मध्ये लंडनच्या ख्रिस्टीज या लिलावगृहात नंबरांचा पहिला लिलाव मांडला. पुढे हा खात्याचा नियमित व्यवसायच झाला. एसेक्स काउंटीचा एफ १ हा नंबर १९०४ पासून कौन्सिलकडेच होता. २००८ साली तो ४,४०,६२५ पौंडांना विकला गेला. त्याच वर्षी एडिंबराचा एस १ चार लाखांवर गेला. २०१४ मध्ये २५ ओ या नंबराने पाच लाख पौंडांचा आकडा ओलांडला.

आज नंबर गाडीवर नसला तरी चालतो. ऐंशी पौंड भरून तो कागदावर काढून ठेवता येतो. २०१५ पासून असा कागद दहा वर्षे चालतो आणि पुन्हा वाढवूनही मिळतो. नंबर भेट देता येतो, वारसांकडे जातो. तरी कायद्याच्या नजरेत तो कोणाच्याच मालकीचा नसतो. मालकी सरकारची, माणसाला असतो तो फक्त लावण्याचा हक्क. ज्या आकड्याने सरदारांना कैद्यासारखे वाटले होते, तोच मृत्युपत्रात लिहिण्याजोगी मिळकत होऊन बसला. शेजारच्या आयर्लंड प्रजासत्ताकाने मात्र ही वाट घेतली नाही. तिथे नंबर गाडीचाच राहतो.

आपल्याकडे

हा प्रश्न आता महाराष्ट्राच्याही दारात आला आहे. आपल्याकडे १९१४, १९३९ आणि १९८८ अशा तीन कायद्यांतून नोंदणी घडत गेली, आणि १ जुलै १९८९ पासून एमएच आणि त्यापुढे कार्यालयाचा आकडा ही आजची पद्धत आली. नंबराची हौस आपल्यालाही कमी नाही. इंग्रजी आकड्यांतला ४१४१ वळणदार काढून ‘दादा’ वाचायला लावणे किंवा ८०५५ मध्ये ‘बॉस’ पाहणे, ही कल्पकता कोणत्याही आरटीओ कार्यालयाबाहेर पाहायला मिळते. त्या हौसेला दरपत्रकही आहे. ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने चारचाकीच्या ०००१ या नंबराचे शुल्क तीन लाखांवरून पाच लाख रुपये केले, तर मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या ठिकाणी चार लाखांवरून सहा लाख. याच अधिसूचनेने पसंतीचा नंबर पती-पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावे करण्यास परवानगी दिली. तोवर ती नव्हती.

म्हणजे नंबराला वारस मिळाले. ब्रिटनच्या अनुभवावरून पाहता, शुल्क, हौस आणि वारसा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की बाजार फार दूर नसतो. हौसेला माझा विरोध नाही. बापाच्या स्कूटरचा नंबर लेकीला आपल्या मोटारीवर हवासा वाटला, तर त्या भावनेला खोटे म्हणता येणार नाही. लॉगबुकच्या काळातल्या ब्रिटिश डॉक्टरांची भावना याहून वेगळी नव्हती.

अपेक्षा एवढीच आहे की, नंबर हलला तर दप्तरात त्याची पाऊलखूण राहावी. ज्या गाडीवरून तो गेला तिच्या नोंदीत जुना नंबर आणि तारीख, ज्या गाडीवर आला तिच्या नोंदीत तो कुठून आला त्याची नोंद. संगणकाच्या काळात हे अवघड नाही. त्याहून निकडीचे आहे ते १९८९ पूर्वीच्या नोंदवह्यांचे रक्षण. एमआरएल, एमटीसी, एमएफए अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या पाट्या आज फक्त जुन्या छायाचित्रांत, लग्नाच्या अल्बमात आणि चित्रपटांत उरल्या आहेत. गावातली पहिली जीप कोणी घेतली, साखर कारखान्याच्या अध्यक्षांची गाडी पुढे कोणाकडे गेली, पहिली खाजगी बस कोणत्या वाटेने धावली, या साध्या प्रश्नांची उत्तरे अशाच वह्यांतून मिळतात. ब्रिटनमध्ये खतावण्या रद्दीत गेल्यावर त्यांचे मोल कळले. आपल्या जिल्ह्यांच्या कार्यालयांत ज्या वह्या शिल्लक असतील, त्या पुराभिलेखागाराकडे सुपूर्द करण्याचा साधा आदेश निघाला, तर पुढच्या अभ्यासकाला निदान शोधायला जागा राहील.